नदीचं म्हणणं मोजून मांडू या



दोस्तांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नदीचा तज्ज्ञ नाही. पण आमचा सात-आठ जणांचा गट महिन्यातल्या एका रविवारी पुण्यात मुठेच्या काठावर मोजमाप करतो. सुरुवात एका टोमण्यातून झाली. प्रभागाच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "नदी घाण होते ती तुमच्या वस्तीमुळे." आम्ही खूप भांडलो. घरी आल्यावर लक्षात आलं, पुरावा त्यांच्याकडे नव्हता, आणि आमच्याकडेही नव्हता.

वजूचं पाणी पाक आहे का, हे आपण रंग, वास आणि चव यांवरून ठरवायला शिकतो. नदीच्या सर्वेक्षणात याच्या पुढे जाऊन डोळ्यांना न दिसणारं मोजायचं असतं. त्यात तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पहिली, प्रवाह. काठावर १० मीटर अंतर मोजून पाण्यात संत्रं सोडायचं. समजा २५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी संथ असतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. पात्र १२ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असेल, तर सेकंदाला सुमारे दोन हजार लिटर पाणी वाहतंय. हे कशाला हवं? कारण खडकवासल्यातून पाणी सोडलं की सांडपाणी पातळ होतं आणि आकडे सुधारतात. नाला मात्र तेवढाच वाहत असतो.

दुसरी, पाण्याचं रसायन: तापमान, सामू आणि मुख्य म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन. विंकलर पद्धतीत बुडबुडा राहू न देता बाटली भरतात आणि काठावरच दोन द्रावणं टाकतात. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नेमका आकडा पुढच्या चाचणीत निघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे जगायला लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आंघोळीच्या पाण्यात ५. इथे वेळही महत्त्वाची. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री वापरतं. दुपारचा आकडा फसवू शकतो, म्हणून आम्ही फजरनंतर लगेच निघतो.

तिसरी, पाण्यातले जीव. दगड उलटून खाली कोण राहतं ते पाहायचं. मेफ्लाय या कीटकाची पिल्लं सापडली तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल अळ्या असतील तर ऑक्सिजन कमी आहे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे तग धरतात. बाटली त्या क्षणाचं सांगते, दगडाखालचे जीव मागच्या अनेक आठवड्यांचं.

आम्ही वस्तीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोजलं. वरच्या बाजूलाच, एका मोठ्या नाल्याच्या तोंडाखाली, साका पांढरा बसला. म्हणजे पाणी आमच्यापर्यंत येण्याआधीच गुदमरलेलं होतं. आमची पोरं खूश झाली. पण खालच्या ठिकाणी कोंबडीची पिसं आणि आतडी सापडली. ती आमच्याच दुकानांतली. काही जण म्हणाले, "हे अहवालात नको, भाई. त्यांना आयतं कोलीत मिळेल." त्यावर दोन तास वाद झाला.

शेवटी आम्ही दोन्ही लिहिलं. सोयीचं तेवढं ठेवलं असतं, तर त्या गृहस्थांत आणि आमच्यात फरक काय राहिला असता? दुकानदार चाचांशी बोललो, आता बहुतेक जण कचरा पिंपात जमा करतात. नाल्याचं काम अजून झालेलं नाही. त्यासाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला आहे. पण आता बैठकीत आमचा कागद वाचला जातो.

नद्यांचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, ही दोन्ही संविधानाच्या कलम ५१ अ मधली आपली कर्तव्यं आहेत. आणि मुठेचं पाणी पुण्यात थांबत नाही. ते भीमेतून उजनीत जातं आणि सोलापूरकर उजनीचं पाणी पितात.

तुमच्या गावातही नदी असेल. एकटे जाऊ नका, पुरात उतरू नका, हातमोजे घाला. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजा. आणि जे निघेल ते सगळं लिहा.