खारपाणपट्ट्यात आपलं स्वागत



परिषदेसाठी दर्यापुरात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं आपल्या मुलखाचे गोडवे गावेत असा शिरस्ता आहे. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव इथून जवळ आहे आणि ऋणमोचनला पूर्णेकाठी बाबांनी घाट बांधून घेतला, एवढं सांगतो आणि गोडवे थांबवतो. आमच्या जमिनीखाली गोड म्हणावं असं फारसं नाही.

पाहुण्यांना आधी एक सूचना. मंडपातलं पिण्याचं पाणी निर्धास्त प्या. ते सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून आलेलं आहे. मांडवामागच्या बोअरचं पाणी मात्र हात धुण्यापुरतंच वापरा. काल आचाऱ्यानं ते चाखलं आणि यात तुरीची डाळ शिजायची नाही असं सांगून नळाच्या टाक्या मागवल्या.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी विहीर खणली की काळा पाषाण लागतो. इथे शेकडो फूट नुसता गाळ आहे, नद्यांनी आणून टाकलेला. त्यातल्या पाण्यात क्षार आहेत, ते कुणा कारखान्यानं सोडलेले नाहीत. म्हणून आमची तक्रार कुणाविरुद्ध नाही. पण दोष निसर्गाचा म्हटलं की माणसं मोकळी होतात, तेही बरं नाही.

कारण या पाण्याला जोड आहे ती वरच्या पट्ट्याची. अंजनगाव, अचलपूर, अकोटच्या उत्तरेला दगडगोटे आणि वाळूचा थर आहे. सातपुड्यावरून आलेलं पावसाचं पाणी तिथे सहज मुरतं आणि गोड राहतं. संत्रा, केळी, पानमळे सगळे त्याच्यावर उभे आहेत. बागा वाढल्या तसे बोअर खोल गेले आणि पातळी खाली उतरली. वरच्यांना पाणी पुरत नाही, खालच्यांना ते पिता येत नाही. या दोन्हीकडच्या गावांची माणसं आज एका मंडपात बसली आहेत, आणि ती बसावीत म्हणूनच हा खटाटोप.

पाणाड्या हातावर नारळ उभा करून पाणी दाखवतो. गोड की खारं, ते नारळ सांगत नाही. आमच्याकडे कर्ज काढून बोअर मारला जातो, धो धो पाणी लागतं, पेढे वाटले जातात आणि दोन-तीन हंगामांत हरभरा पिवळा पडू लागतो. सोडियमचं पाणी काळ्या चिकणमातीला दिलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. ओली असताना तिचा चिखल होतो आणि वाळली की ढेकूळ कुदळीनंही फुटत नाही. पाणी लागलं नाही तर बोअरचा खर्च गेला एवढंच. असं पाणी लागलं तर जमीनही जाते. म्हणून माझा आग्रह एकच: आपल्या पट्ट्यात बोअरच्या परवानगीआधी पाण्याच्या तपासणीची सक्ती हवी. 60 मीटरपेक्षा खोल बोअरला लगाम घालणारा 2009 चा भूजल कायदा राज्यात आहेच. तो खोली मोजतो. क्षार मोजणं गावानं हाती घ्यावं.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तिचा पाण्याशी संबंध किती, हे अभ्यासकांनी आम्हाला स्पष्ट सांगावं. गावोगावी आरओचे जार आले, ही सोय झाली खरी. पण त्या यंत्रातून निघणारं जास्तीचं खारं पाणी कुठे जातं? नालीत, आणि नालीतून पुन्हा जमिनीत. यावर कुठल्या ग्रामसभेत ठराव झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आता आशेचं बोलतो. पावसाचं पाणी गोड असतं आणि ते आमच्या शेतावरच पडतं. 700 मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर 28 लाख लिटर! आमची चिकणमाती पाणी लवकर जिरू देत नाही, हा तिचा दुर्गुण शेततळ्यात गुण ठरतो. प्लॅस्टिकच्या अस्तराशिवायही तिथे पाणी टिकतं. त्यावर मूग, कापूस, हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी मिळालं तर बोअरची गरजच कमी होते. रुंद वरंबा सरीवर पेरणारे शेतकरी इथे बसले आहेत, त्यांना दुपारच्या सत्रात बोलू द्या. अभ्यासकांना एक प्रश्न आधीच देऊन ठेवतो: नाला खोल करताना कुठे थांबावं, म्हणजे खालचं खारं पाणी वर येणार नाही?

व्यवस्थेत उणीव राहिली तर आम्हाला सांगा, पाहुणचारात संकोच नको. ज्यांनी घरच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाटलीत आणलं असेल, त्यांनी बाटलीवर गावाचं नाव आणि बोअरची खोली लिहून ती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर द्यावी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत क्षारांचे आकडे फळ्यावर लागतील, आणि जेवणानंतरचं पहिलं सत्र त्या फळ्यासमोरच होईल.