सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना अजून पाळला जातो. पहिली खेप असेल तर मुलगी माहेरी येते. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडके, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पाचवीला सटवाईची पूजा. चाळीस दिवस घरातल्या चार बायकांचे तिच्या शरीराकडे लक्ष असते. मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होते. संप्रेरके एकदम उतरलेली असतात, झोप मोडलेली असते. पंधरा दिवसांत ते आपसूक ओसरते. प्रसूतीनंतरचे नैराश्य वेगळे. त्यात दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, जेवण जात नाही, आई म्हणून आपण कुचकामी आहोत ही टोचणी थांबत नाही. त्याची एक खूण रात्री दिसते. बाळ पिऊन गाढ झोपलेले, घर निजलेले, आणि बाळंतीण आढ्याकडे बघत टक्क जागी. म्हणून ‘झोप होते का?’ यापेक्षा ‘बाळ झोपल्यावर तरी तुझा डोळा लागतो का?’ हा प्रश्न कामाचा. पहिल्याला कोणतीही बाळंतीण ‘नाही’च म्हणेल.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेले नाते यांनी धोका वाढत होता, आणि मुलगी झाली की त्यात भर पडत होती. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणणारे घर दुसऱ्या बेटीच्या बारशाला गप्प होते, हे बाळंतिणीला सांगावे लागत नाही.

सव्वा महिना सरला की ती सासरी परतते. पूर्वेकडे कांदा-टोमॅटोची कामे वाट पाहत असतात. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबांतल्या बाईला मजुरीसाठी नारायणगावकडे उतरावे लागते. दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. म्हणजे रूढी आणि सरकारी योजना, दोन्हींचा हात साधारण एकाच सुमारास सुटतो. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकते. त्यानंतर उरतात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे लसीकरण आणि तिसऱ्या महिन्यापासूनच्या आशाताईंच्या बाळभेटी. तिथे बाळाचे वजन होते. त्याच वेळी आईला दोन प्रश्न विचारायला वेगळी योजना लागत नाही.

घराचा आधार साधाच असतो. रात्री पाजून झाल्यावर ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे नवऱ्याने किंवा सासूने उचलले, तर बाळंतिणीला थोडी सलग झोप मिळते. ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ हे वाक्य गिळणे, हीसुद्धा मदतच. बाहेरचे लागले असे समजून देवऋषीने अंगारा लावला, तर लावला; त्यापायी डॉक्टरांकडे जाणे लांबू नये एवढेच. घोडेगाव, जुन्नर किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवता येते. रक्त कमी असणे आणि थायरॉइडचा बिघाड यांनीही असाच थकवा येतो, म्हणून ते तपासून घेतात. पुढे समुपदेशन, आणि गरज पडल्यास गोळ्या. त्यांतल्या काही अंगावर पाजतानाही चालतात, फक्त डॉक्टरांना तसे सांगावे लागते.

हजारात एखाद-दुसरीला याहून गंभीर आजार होतो: भास, भलते संशय, झोपेविना सैरभैर वागणे. अशा वेळी, किंवा स्वतःला वा बाळाला काही करण्याचे विचार येऊ लागल्यास, तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. १०८ची रुग्णवाहिका त्यासाठीही येते. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. बाळाची ताटातूट होईल या भीतीने अनेक घरे दाखल करणे टाळतात. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून धोका नसेल, तर उपचाराच्या काळात दोघांना एरवी वेगळे करता येत नाही.