डोळ्यांसाठी चार ब्रश



डोळ्यांच्या मेकअपबद्दल मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न रंगाचे असतात. सावळ्या वर्णाला कोणती आयशॅडो शोभेल, पैठणीच्या काठाला कोणती छटा जुळेल. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा प्रश्न राहून जातो. रंग लावायचा कशाने? महागडी पॅलेट घ्यायची आणि तिच्यासोबत आलेल्या स्पंजच्या काडीने रंग लावायचा, हे मी घरोघर पाहते. स्पंज रंग एका जागी दाबून बसवतो. रंगाची कड विरघळवणं त्याचं काम नव्हे. मग पापणीवर ठिगळ दिसतं आणि दोष रंगाला, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांना दिला जातो. म्हणून आज मी रंगांविषयी फारसं बोलणार नाही.

दुकानांत बारा-पंधरा ब्रशांचे संच दिसतात. सुरुवातीला ते घेऊ नका. रोजच्या मेकअपला काय, घरच्या लग्नाला काय, चार ब्रश पुरतात.

पहिला ब्लेंडिंग ब्रश. पैसे बेताचे असतील तर ते याच्यावर खर्च करा. हा फुगीर असतो, टोकाकडे किंचित निमुळता, आणि त्याचे केस सैल बसवलेले असतात. आखूड, दाट केस रंग ढकलतात. थोडे लांब, सैल केस तो पसरवतात. दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूवर टोक गोल फिरवून पाहा. टोचलं तर ब्रश परत ठेवा. पापणीची त्वचा ही आपल्या अंगावरची सर्वांत पातळ त्वचा, तिला टोचणारं काहीही चालत नाही. मग केस चिमटीत धरून हलके ओढा. नव्या ब्रशचा एखादा केस येतोच, पण झुपका हाती आला तर गोंद कच्चा आहे. आणि आपल्या डोळ्याचा आकार विसरू नका. लहान पापणीवर मोठा ब्रश फिरवला तर रंग थेट भुवईपर्यंत चढतो.

तो वापरायचा कसा, हे सावकाश सांगते, कारण सगळी कला इथे आहे. ब्रशचं फक्त टोक पावडरला लावा आणि दांडी डबीच्या कडेवर टिचकवून जादा पावडर झाडा. ती झाडली नाही तर गालावर पडते. आता ब्रश दांडीच्या शेवटाजवळ धरा. केसांजवळ धरला की हाताचा सगळा भार पापणीवर येतो. आरशात सरळ पाहा, डोळे उघडे ठेवून. पापणीच्या घडीत बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ब्रश आडवा, इकडून तिकडे, हलका फिरवा. रंग कमी वाटला तर पुन्हा थोडा घ्या. दाब वाढवू नका. शेवटी कोरड्या, स्वच्छ ब्रशने फक्त कडांवरून फिरवा, रंग न घेता. ज्यांची पापणी वयाने खाली उतरली आहे, त्यांनी रंग घडीच्या जरा वर लावावा. डोळे मिटून घडीत लावलेला रंग डोळे उघडल्यावर दिसेनासा होतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी साठीच्या बायकांना वाटतं की आपल्याला आता मेकअप खुलत नाही. खुलतो. फक्त जागा बदलायची.

बाकीचे तीन झटपट. चपटा शेडर: याने रंग घासायचा नाही, थोपटायचा, चमकीचा रंग असेल तर ब्रश किंचित ओला करून. बारीक टोकाचा पेन्सिल ब्रश खालच्या पापणीच्या कडेला आणि कोपऱ्याला. आणि तिरका कापलेला ब्रश, जेल लायनरसाठी. लायनरचा ब्रश कृत्रिम केसांचाच घ्या. जनावराच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर छान धरली जाते. पण ओलं, तेलकट काही लावलं की ते केसांत मुरतं आणि ब्रश खराब होतो. नायलॉनचा धागा गुळगुळीत असतो, तो धुतला की मोकळा.

ब्रश या वस्तूला किती मान मिळू शकतो, ते पाहायचं तर जपानमधलं कुमानो गाव पाहा. हिरोशिमा प्रांतातलं हे छोटं गाव. सुलेखनाच्या ब्रशांपासून सुरू झालेला त्यांचा धंदा आज मेकअपच्या ब्रशांसाठी जगभर ओळखला जातो. तिथे केसांची टोकं कापून आकार देत नाहीत. केस साच्यात रचून आकार आणतात, म्हणजे प्रत्येक केसाचं नैसर्गिक, बारीक होत गेलेलं टोक शाबूत राहतं. मऊपणा येतो तो त्या टोकामुळे. 2011 साली जपानच्या महिला संघाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने त्या खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले. मला ही निवड फार आवडते.

आपल्याकडे बारीक रेषेसाठी चित्रकलेचे ब्रश वापरायची सवय आहे, रंगभूमीवर विशेष. तिथे एक गोष्ट पाहून घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून चोरून विकले जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि हा व्यापार गुन्हा आहे. त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात. आज कृत्रिम केसाचा लायनर ब्रश तितकीच नेमकी रेषा काढतो, मग त्या वाटेला जायचं कशाला?

आता स्वच्छता, आणि इथे मी कडक आहे. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ कशी पसरली ते आपण पाहिलं. लग्नघरात एकाच ब्रशने नवरी, करवली आणि मावश्यांचे डोळे रंगवले जातात, तेव्हा संसर्गाला तसाच रस्ता मिळतो. स्वतःचे ब्रश दर 7 ते 10 दिवसांनी सौम्य शॅम्पूने कोमट पाण्यात धुवा. केस खाली, दांडी वर. धातूच्या नळीत पाणी शिरलं की गोंद सुटतो. पिळू नका, बोटांनी आकार द्या आणि टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केस बाहेर मोकळ्या हवेत. पेल्यात उभा करून वाळवला तर पाणी पुन्हा नळीतच उतरतं. आणि मेकअप करणारीला रंग विचारण्याआधी एवढं विचारा, की ब्रश कधी धुतले, मस्कराची कांडी प्रत्येकीला नवी देता का. नीट काम करणारी कुणीही या प्रश्नाने दुखावत नाही. ती आपली पेटी उघडून दाखवते.