हिऱ्याच्या खाणी आणि खाणीतील माणूस

गोवळकोंडा हे नाव उच्चारताच हिऱ्यांची आठवण होते. परंतु गोवळकोंड्याच्या किल्ल्यापाशी हिऱ्याची खाण कधीच नव्हती. ती हिऱ्यांची बाजारपेठ होती. हिरे येत ते तेथून दूर, कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या गावांतून. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा देश मुख्यतः भारतच होता.

टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याचा प्रवासवृत्तान्त १६७६ साली प्रसिद्ध झाला. कोल्लूर येथे सुमारे ६०,००० माणसे काम करीत, असे त्यात नमूद आहे. पुरुषांनी खणावे, बायकामुलांनी माती वाहावी, ती पाण्यात कालवून निथळावी, उन्हात वाळवून पाखडावी आणि उरलेल्या खड्यांतून हाताने हिरा वेचावा, असा तो क्रम. ज्या हातांनी हिरा वेचला, त्या हातांत मात्र पोटापुरती मजुरीच पडे.

हिरा नद्यांच्या गाळात व वाळूतच मिळतो, असा पूर्वी समज होता. दक्षिण आफ्रिकेने तो खोटा ठरविला. १८६७ मध्ये ऑरेंज नदीच्या परिसरात हिरा सापडला आणि १८७१ पासून किंबर्लीची टेकडी लोक खणू लागले. टेकडी संपली, तरी हिरे संपेनात. भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटरांहून अधिक खोल, प्रचंड दाबाखाली व उष्णतेत घडलेला हिरा प्राचीन ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर वर येतो आणि नळीसारख्या उभ्या खडकात अडकून राहतो, हे पुढे उमगले. त्या खडकाला किंबर्लीवरूनच किंबरलाइट हे नाव पडले. १९१४ पर्यंत तेथे सुमारे सव्वादोन कोटी टन माती व खडक उपसला गेला आणि त्यातून सुमारे २,७२० किलोग्रॅम हिरे निघाले. म्हणजे टनामागे जेमतेम एक अष्टमांश ग्रॅम!

निरनिराळ्या लोकांच्या मालकीचे तुकडे हळूहळू एकत्र होत गेले आणि १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या पुढाकाराने डी बिअर्स कंपनी उभी राहिली. काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणबंद वसाहतीत कोंडून ठेवण्यात येई आणि बाहेर पडताना त्यांच्या अंगाची कसून झडती होई.

विसाव्या शतकात हिऱ्यांचा नकाशा पुन्हा बदलला. १९५५ मध्ये सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीत ‘मीर’ ही खाण सापडली. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बोत्स्वाना या गरीब देशात पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे आढळले. तेथील सरकारने खाणीत भागीदारी घेतली आणि त्या उत्पन्नातून रस्ते, शाळा व दवाखाने उभे राहिले. उलट सिएरा लिओनमध्ये १९९१ पासून २००२ पर्यंत चाललेल्या यादवीत हिऱ्यांच्या मोबदल्यात बंदुका आल्या.

एकच रत्न एका देशाला वर आणि दुसऱ्याला शाप का ठरावे? बोत्स्वानाचा हिरा खोल खडकात आहे. तो काढावयास यंत्रे, भांडवल आणि स्थिर शासन लागते. सिएरा लिओनचा हिरा बव्हंशी नदीच्या गाळात आहे. तेथे फावडे आणि चाळण पुरे होते, म्हणून ज्याच्या हाती शस्त्र, तोच त्या गाळाचा धनी झाला. अशा रक्तलांच्छित हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठी २००३ पासून प्रमाणपत्राची आंतरराष्ट्रीय पद्धत अमलात आली. बंडखोरांच्या हिऱ्यांना तिने आळा घातला, पण मजुराच्या हालअपेष्टा तिच्या कक्षेत येत नाहीत.

भारतात आजही मध्य प्रदेशातील पन्ना येथे शेतकरी व मजूर जमिनीचा लहानसा तुकडा सरकारकडून पट्ट्याने घेतात, खणतात, माती धुतात आणि खडे हाताने निवडतात. रीत जवळजवळ कोल्लूरचीच. फरक एवढाच की, सापडलेला हिरा सरकारी कचेरीत जमा होऊन त्याचा लिलाव होतो आणि सरकारी हिस्सा वजा जाता उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. अनेकांना वर्षभर राबूनही काहीच गवसत नाही. पण गवसले, तर त्याचे मोल राबणाऱ्याच्या घरी जाऊ शकते. हिऱ्याच्या दीर्घ इतिहासात हा फरक लहान नव्हे.