ज्यांच्या नावाचे शहर, त्यांनाच बंदी

अमेरिकेतल्या सिएटल शहराला नाव एका आदिवासी प्रमुखाचे. पण १८६५ मध्ये तिथल्या कारभाऱ्यांनी आदिवासींना शहरात राहायला बंदी केली. मालकाने कामाला ठेवून जागा दिली, तर मात्र सूट! ओळखीचे वाटते ना? आजही तिथल्या बेघरांमध्ये आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे.

'चीफ सिएटल क्लब' या आदिवासींनीच चालवलेल्या संस्थेने २०२२ मध्ये ८० घरांची इमारत उघडली. नाव तिथल्याच लुशूटसीड भाषेतले, अर्थ 'घर'. खाली दवाखाना आणि आदिवासी पदार्थांचे उपाहारगृह.

मी निवारागृहात काम करते. आलेल्या बाईला आम्ही आधी नियम वाचून दाखवतो. ती घरी काय रांधायची, कोणती बोली बोलायची, हा रकाना आमच्या अर्जात अजून नाही.