रेणूंची फुगडी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे कुणीतरी विचारलं होतं, “ही औषधाच्या कंपनीत असते म्हणजे नक्की काय करते? मेडिकल स्टोअर आहे का?” त्यावर अकरा जणांनी अंगठे दाखवले आणि चौघांनी सवलतीत गोळ्या मिळतील का, ते विचारलं. संयोजकांनी बहुधा म्हणूनच आज मला उभं केलं. वीस मिनिटं दिली आहेत आणि जेवणानंतरची वेळ आहे. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी; शेवटच्या बाकाची परंपरा मोडायला मी आलेले नाही.

मी औषध शोधत नाही. शोधलेलं औषध गोळीत बसवते. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं. पण गोळी गिळली म्हणजे औषध पोहोचलं, असं नसतं. आधी ते पोटातल्या पाण्यात विरघळावं लागतं, मग आतड्यातून रक्तात जातं. आजकाल सापडणारे बरेचसे रेणू मोठे आणि तेलकट स्वभावाचे असतात, पाण्याशी त्यांचं पटत नाही. काचेच्या भांड्यात जंतूला मारणारं औषध पोटात खड्यासारखं पडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी शरीराबाहेर जातं. पैसे रोग्याचे गेलेले असतात.

न विरघळण्याचं कारण बऱ्याचदा स्फटिकात असतं. सरांनी आपल्याला तुरटीचा आणि मोरचुदाचा स्फटिक दोऱ्याला बांधून वाढवायला लावला होता, आठवतं? ‘ब’ तुकडीचा मोठा झाला होता, हे मान्य करते. तो निळा खडा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होती, फक्त तिन्ही दिशांना पसरलेली. प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली, प्रत्येकाचा शेजारी ठरलेला. औषधाचे रेणूही गोळीत असेच रांगोळीत बसलेले असतात. ही बैठक फार घट्ट असली की पाण्याला त्यांना उठवता येत नाही.

त्यांना धरून ठेवणाऱ्या बळांपैकी एक आपल्या दहावीच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं होतं: हायड्रोजन बंध. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तो शेजारी आपल्याकडे ओढून घेतो. उघडा पडलेला हायड्रोजन मग दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनकडे झुकतो. पाण्याच्या रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जितका पक्का, त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका हा बंध. म्हणजे दुबळाच. पण त्याला दिशा असते. तो कुठूनही चिकटत नाही. समोरून, ठरावीक अंतरावरून हात पुढे करतो. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याच शिस्तीमुळे.

मुलींनो, मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी समोरासमोर, प्रत्येकीचा एक हात देणारा आणि एक घेणारा. आम्ल गटाचे दोन रेणू समोरासमोर आले की अगदी हेच करतात: हा आपला हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनला देतो, तो आपला याला. दोन बंध, आणि मध्ये एक बंद कडं. अमाइड नावाचा गटही तशीच फुगडी घालतो. आणि आम्लाच्या समोर पिरिडिनचा नायट्रोजन आणून ठेवला, तर आम्ल बहुतेक वेळा आपल्या जोडीदाराला सोडून त्याचा हात धरतं. का, तर तिथे बंध जास्त चांगला जमतो. संसारातल्या उदाहरणाच्या वाटेला मी जात नाही.

कोण कुणाचा हात धरतो याचे हे ठरलेले नमुने आहेत, आणि ते ओळखले तर स्फटिक योजून बनवता येतो. या विचाराला ज्यांनी शास्त्राचं रूप दिलं त्यांत आपल्या देशातले गौतम देसिराजू अग्रभागी आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. पुढे हैदराबाद विद्यापीठात असताना 1989 मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, आणि 1995 च्या एका लेखात त्यांनी या नमुन्यांना ‘सिंथॉन’ या नावाने मांडलं. आज केंब्रिजच्या संग्रहात दहा लाखांहून जास्त स्फटिकांच्या रचना नोंदलेल्या आहेत. आम्ही त्यात शोधतो: या गटाचं आजवर कुणाशी जमलं आहे? वधू-वर सूचक मंडळाची वहीच म्हणा.

तर सहस्फटिक, म्हणजे कोक्रिस्टल, म्हणजे काय? एक औषध आणि एक निरुपद्रवी सोबती, दोघे एकाच रांगोळीत, ठरलेल्या प्रमाणात, हायड्रोजन बंधांनी बसलेले. दोन औषधं एका गोळीत दाबली की तो चिवडा झाला. दाणे दाणेच राहतात आणि पोहे पोहेच. सहस्फटिकात दोघांची मिळून नवीन रांगोळी होते. तिचा वितळण्याचा बिंदू वेगळा, विरघळणं वेगळं. आणि क्षारापासूनही हा वेगळा. डायक्लोफेनॅक सोडियमसारख्या क्षारात आम्लाने आपला हायड्रोजन देऊनच टाकलेला असतो. सहस्फटिकात तो दिलेला नसतो, नुसता हात धरलेला असतो. त्यामुळे पाण्यात गेल्यावर सोबती सुटतो आणि औषधाचा रेणू मूळचा तोच उरतो.

आता ज्यासाठी हा विषय निवडला, ते सांगते. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फिट्स यायच्या. तिला विचारूनच सांगते आहे. ती आत्ता समोर बसली आहे आणि मजेत आहे. तेव्हा फिट आली की कुणी कांदा आणायचं, कुणी चप्पल हुंगवायचं. फक्त बाई तिला कुशीवर वळवून बाकं बाजूला सरकवत, जे खरं करायला हवं ते. तिची गोळी होती कार्बामाझेपिन. 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी बनवलेलं हे औषध आजही लाखो लोक घेतात. तिच्या घरी ती गोळी स्वयंपाकघरात, मोरीच्या वरच्या फळीवर असे. पावसाळ्यात त्रास वाढतो, असं तिची आई म्हणायची.

कारण गोळीच होती, असं मी म्हणणार नाही. जागरण, ताप, चुकलेला डोस, कितीतरी गोष्टींनी फिट येते. पण 1990 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक इशारा दिला: दमट जागी ठेवलेल्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांचा गुण एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. गोळी दिसायला तीच, रंग तोच. झालेलं असतं ते असं, की हवेतलं पाणी आत शिरतं, एका औषध-रेणूमागे पाण्याचे दोन रेणू रांगोळीत जागा पटकावतात, गोळी कडक होते आणि पोटात सुटता सुटत नाही. पाणीही हायड्रोजन बंधानेच आत येतं, हे लक्षात घ्या. कोकणातल्या जुलै महिन्यात ही माहिती कुणी आम्हाला दिली असती, तर त्या माउलीने डबी निदान फळीवरून कपाटात नेली असती.

मग यावर उपाय काय? क्षार करता येत नाही, कारण कार्बामाझेपिनमध्ये ना नीट आम्ल आहे, ना नीट अल्कली. आहे तो एक अमाइड गट, आणि तो आपल्याच जोडीदाराशी फुगडी घालून बसलेला. पण अमाइडला हायड्रोजन दोन असतात. एक फुगडीत गुंततो, दुसरा बाहेर मोकळा राहतो, आणि रेणूच्या अवजड अंगामुळे त्याच्यापर्यंत दुसरा कार्बामाझेपिन पोहोचू शकत नाही. अमेरिकेतल्या मायकेल झावोरोत्को आणि सहकाऱ्यांनी 2003 च्या सुमारास नेमकं हेच हेरलं. फुगडी मोडू नका, म्हणाले. बाहेरच्या मोकळ्या हातांना कुणीतरी द्या. त्यांनी दिलं साकरीन, मधुमेहींच्या चहात जातं तेच. त्याचा नायट्रोजनवरचा हायड्रोजन एकीकडे देतो, ऑक्सिजन दुसरीकडे घेतो. अगदी मापाचा. हा सहस्फटिक पाण्याला सहज जागा देत नाही, असं दिसलं. कुत्र्यांवरच्या चाचणीत रक्तातलं प्रमाण बाजारातल्या गोळीच्या तोडीचं आलं. 2007 मध्ये ते छापून आलं.

ही गोळी बाजारात आली नाही. मला स्वतःला त्यातला एक आकडा खटकतो. रेणूंच्या वजनाचा हिशेब केला, तर 200 मिलिग्रॅम औषधासोबत सुमारे 155 मिलिग्रॅम साकरीन जातं. दिवसाला 800 घेणाऱ्याच्या पोटात सहाशेच्या वर. तेव्हाची मान्य मर्यादा होती शरीराच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीनशे. आणि हे औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. कागदावर सुंदर असलेली रचना माणसाच्या पोटाच्या हिशेबात अशी अडते.

दुसरं उदाहरण इट्राकोनाझोलचं, नायट्यावर देतात ते. फार लांबलचक आणि पाण्याशी वैर असलेला रेणू. 2003 मध्ये त्याचा सक्सिनिक आम्लासोबत सहस्फटिक मिळाला. दोन औषध-रेणू उलटसुलट आडवे पडले आहेत, आणि त्यांच्या मधल्या खाचेत हे छोटं आम्ल दोन्ही टोकांना हात देऊन बसलं आहे. फ्युमरिक आम्लाशी जमलं. मॅलेइक आम्लाशी नाही. दोन्हींचं रेणुसूत्र एकच आहे, पण मॅलेइकचे दोन्ही हात एकाच बाजूला वळलेले. पूल बांधायला हात विरुद्ध दिशांना हवेत. ताकद नव्हे, ठेवण नडली.

प्रयोगशाळेत हे कसं करतात म्हणाल, तर खलात. खरोखर! औषध आणि सोबती मोजून घ्यायचे, दोन-चार थेंब अल्कोहोल टाकायचं आणि घोटायचं. आमच्याकडे त्याला यंत्र आहे, पण तत्त्व वैद्यांच्या खलाचंच. मग क्ष-किरणांखाली भुकटी ठेवायची. जुन्या दोघांच्या रेषा जाऊन नव्या रेषा आल्या, तर जमलं. बहुतेक वेळा जुन्याच रेषा हसत समोर येतात.

आणि जमलेलंही टिकेल असं नाही. एका वेदनाशामकाचा सहस्फटिक आम्ही केला होता. विरघळणं उत्तम होतं. गोळ्या करून 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवल्या. तिसऱ्या महिन्यात मूळ औषधाच्या रेषा परत उगवल्या. आमच्या सोबती-आम्लाने गोळीत वंगण म्हणून घातलेल्या मॅग्नेशियम स्टिअरेटशी सूत जमवलं होतं, आणि औषध एकटं पडलं होतं. वंगण बदलून बघायला मी सहा महिने मागितले. मिळाले नाहीत. फाइल बंद झाली. त्याची रुखरुख अजून आहे, कारण ते औषध घेणारे सांधेदुखीचे रुग्ण माझ्या घरातच आहेत.

पण सगळ्या फाइली बंद होत नाहीत. हृदय कमकुवत झालेल्यांना देतात ती सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची गोळी इथल्या काहींच्या घरी असेल. अमेरिकेत ती 2015 मध्ये मंजूर झाली. तिच्यात दोन औषधं, सोडियम आणि पाणी एकाच स्फटिकात आहेत. 2021 मध्ये सेलेकॉक्सिब आणि ट्रॅमाडॉलचा सहस्फटिक वेदनेसाठी मंजूर झाला. तिथे सोबतीही औषधच आहे.

पेटंटबद्दल देशमुख सर मघाशी विचारत होते. जुन्या औषधाचा नवा स्फटिक केला की वीस वर्षांची मक्तेदारी मिळावी का? आपल्या कायद्याचं कलम 3(ड) म्हणतं, गुण लक्षणीय वाढला असेल तरच. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर पेटंट नाकारलं. माझं पोट या धंद्यावर चालतं, तरी मला तो निकाल पटतो. न विरघळणारी गोळी मी विरघळती केली आणि रोग्याला त्याचा फायदा दाखवला, तर मोबदला मागेन. नुसत्या नव्या रांगोळीचा मागणार नाही.

आता शेवटचं, आणि हे डुलकी घेणाऱ्यांनाही उठवून सांगा. गोळ्या मोरीजवळ, फ्रिजच्या डोक्यावर, बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. पट्टीतून काढून आठवडाभराच्या डबीत भरायची सवय असेल, तर पावसाळ्यात आधी दुकानदाराला विचारा, ही गोळी उघडी राहिलेली चालते का. बाटलीत एक छोटी पांढरी पुडी असते, ती कचरा नसते; बाटली संपेपर्यंत आत राहू द्या. बाकी प्रश्न चहाच्या वेळी विचारा. डोस मात्र मला विचारू नका. आपल्या बॅचचे तीन डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि त्यातले दोघे जागे आहेत.