भिंतीवरचा कोनाडा



केडगावात आपल्या दर्शनी भिंतीवर रेणुकामातेची तसबीर, कॅलेंडर आणि वडीलधाऱ्यांचे फोटो. तिथे मुलीच्या हातचे चित्र कोण लावते? मी लावले. कोनाड्यात पितळी तांब्या नि दोन पेरू. सासूबाई म्हणाल्या, "देवाशेजारी भांडी?" पण मी जागा हलविली नाही. चित्रात उजेड डावीकडून पडलेला, आमची खिडकीही डावीकडेच. तेवढे जुळले की पितळ खरे भासते. थेट ऊन मात्र नको, रंग उडतात. दिव्याच्या चित्राला उलट अंधार हवा. सावळाराम हळदणकरांची समईवाली बाई म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. भोवती काळोख केला की समई तेवू लागते. (पुष्कळजण ते चित्र रविवर्म्याचे समजतात, हो!)

परवा शेजारच्या काकू पाण्यासाठी तांब्या घ्यायला उठल्या, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अहो, तो आमच्या नातीने काढलाय!"